गाण्याच्या बाई आणि बुजवलेले झरोके

गाण्याच्या बाईंना हळू बोलता येत नसे. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी जुन्या शाळेत गेली होती आणि जुनी शाळा म्हणजे रस्त्याला खेटून उभी असलेली, ठेंगण्या छताची दुमजली इमारत. खिडकी उघडली की ट्रकांचे हॉर्न आत, खिडकी लावली की खोलीची भट्टी. म्हणून खिडक्या लावून पंखे चालवायचे, आणि ते पंखे असे खडखडायचे की शेजारी बसलेल्या मुलाकडेही ओरडून पेन्सिल मागावी लागे. त्या गोंगाटावर मात करून बाईंनी मुलांच्या पिढ्या गात्या केल्या. परिणाम असा झाला, की बाईंनी घरात नवऱ्याला "चहा घेता का?" असं विचारलं की शेजारचे भिंतीपलीकडून "नको, आत्ताच झाला" म्हणून उत्तर द्यायचे.

एवढा आवाज असलेल्या बाईला त्या शाळेत स्वतःची खोली मात्र नव्हती. जिन्याखाली चेंडूंची पोती आणि मोडकी बाकं ठेवायची जागा होती, तिथेच त्यांची पेटी असायची. ज्या वर्गाचा गाण्याचा तास असेल तिथे दोन मुलं ती पेटी उचलून न्यायची, आणि जिन्यात एकदा तरी आपटायचीच. शाळेच्या प्रत्येक नव्या अध्यक्षांनी बाईंना हॉल कबूल केला होता. एकांनी तर जागाही आखून दिली होती. पुढे तिथे सायकली लावू लागले. व्यासपीठ, मखमली पडदा, मागच्या रांगेपर्यंत जाणारा सूर, असं सगळं बाईंच्या मनात केव्हाच बांधून तयार होतं. फक्त विटा यायच्या राहिल्या होत्या.

मग रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि जुनी शाळा त्यात गेली. गावाच्या कडेला मोकळी जागा मिळाली. नव्या इमारतीसाठी एक तरुण आर्किटेक्ट आली. बाईंच्या हाताखाली शिकून गेली असावी अशा वयाची. कमी बोलायची, पण बोलायची ते ठाम. तिने नकाशा पसरला आणि समजावून सांगितलं. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी, म्हणजे ऊन आत झिरपणार नाही. वर्गांच्या खिडक्या उगवती-मावळतीकडे नाहीत, म्हणजे सूर्य तोंडावर येणार नाही. छत पांढरं, अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी. आणि प्रत्येक वर्गाच्या दारावर, छताजवळ, एक रुंद झरोका. तापलेली हवा त्या झरोक्यातून व्हरांड्यात जाणार, व्हरांड्यातल्या तीन उंच धुराड्यांतून वर निघून जाणार, आणि तिच्या जागी खालच्या खिडक्यांतून थंड हवा येणार. पंखा लागलाच तर क्वचित.

"थोडक्यात, इमारतीला श्वास घेता आला पाहिजे," ती म्हणाली.

"का? तिला दमा आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

अध्यक्ष हा माणूस वाईट नव्हता. लाकडाच्या वखारीत आयुष्य काढलेला, प्रत्येक वस्तूला हात लावून तिची किंमत सांगणारा गृहस्थ. खर्च साध्या इमारतीपेक्षा पाव पट जास्त आहे असं कळल्यावर तो म्हणाला, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" आर्किटेक्टने विजेचं बिल, विकतचं पाणी, दर दोन वर्षांची डागडुजी असा सगळा हिशेब मांडला. वरचे पैसे दहा-बारा वर्षांत फिटतील, पुढे बचतच बचत, आणि मुलं दुपारी पेंगणार नाहीत ते वेगळंच. अध्यक्षांना हिशेब पटला. पण पटलेल्या हिशेबाने तिजोरीतले पैसे वाढत नाहीत. काहीतरी कापावं लागणार होतं. लहान मुलांचे वर्ग दुसऱ्या टप्प्यावर ढकलले. तोवर त्यांनी आवारात पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं ठरलं. आणि हॉल? हॉलवर लाल पेन्सिलीची एक रेघ ओढली गेली.

बाई वर्षभर त्या आर्किटेक्टशी बोलल्या नाहीत. समोर आली तर त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागायच्या. इमारत उभी राहिली तेव्हा बाईंना व्हरांड्याच्या टोकाला स्वतःची खोली मिळाली, तरी त्यांचं तोंड सरळ झालं नाही. ती तीन धुराडी बघून त्या म्हणायच्या, "माझा हॉल त्या धुराड्यांतून गेला वर!" खोली खरं तर छान होती. भर दुपारी पेटी लावून बसलं तरी पाठीला घाम येत नसे. पण हे कबूल करणं म्हणजे शत्रूला मिठी मारण्यासारखं होतं, म्हणून बाई त्याचं श्रेय खोलीमागच्या झाडाला देत. ते झाड त्यांच्या कमरेएवढं होतं.

आणि मग पहिला उन्हाळा आला. शिक्षकांच्या खोलीत कुरकुर सुरू झाली. गणिताचे सर रुमालाने मान पुसत आत यायचे. भाषेच्या बाई वहीने वारा घ्यायच्या. "एवढा खर्च करून शेवटी घामच!" असं कुणी म्हटलं की गाण्याच्या बाईंना आतून गुदगुल्या व्हायच्या. त्या वरवर म्हणायच्या, "जाऊ दे हो, काय करणार, शिकलेल्या पोरीने केलंय." मुख्याध्यापक "बघू" म्हणायचे. ते सगळ्यालाच "बघू" म्हणायचे.

कुरकुर अध्यक्षांच्या कानावर गेली. ते आले, दोन वर्गांत डोकावले, आणि व्हरांड्यात बाईंना गाठून खुशीत म्हणाले, "बाई, ऐका. ही श्वासाची भानगड फसली. आता लहान मुलांच्या खोल्या सरळ साध्या बांधू. पंखे लावू, पुढे जमलं तर थंड हवेची यंत्रं. वाचलेल्या पैशात काय करणार, सांगा?"

"काय?"

"तुमचा हॉल!"

बाई त्या दिवशी घरी चालत गेल्या की तरंगत, ते त्यांनाच ठाऊक नाही. त्यांच्या नवऱ्याचं गाद्या आणि सोफ्यांची कव्हरं शिवायचं दुकान होतं. बाईंनी दुकानाच्या पायरीवरूनच बातमी दिली, त्यामुळे ती गल्लीलाही कळली. नवरा उठून आत गेला आणि मखमलीचा एक तागा काढून त्याने मेजावर उलगडला. गडद लाल. "कधीचा ठेवलाय," तो म्हणाला. "पडद्याला."

बाईंनी त्या कापडावरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपला हॉल फक्त आपल्याच डोक्यात आहे असं त्यांना वाटत होतं.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. तिच्या दोन दिवस आधी बाई गणिताच्या सरांच्या वर्गात गेल्या. काम साधं होतं, गाण्याच्या स्पर्धेसाठी चार मुलं मागून घ्यायची होती. दार उघडून आत पाऊल टाकलं तर तोंडावर वाफ आली. मुलांचे चेहरे लाल, अर्धी मुलं बाकावर मान टाकून. मागच्या रांगेत एक मुलगी उघड्या डोळ्यांनी झोपली होती. बाईंना एकदम जुनी शाळा आठवली. तिथली मुलं दुपारी अशीच दिसायची.

"काय हो सर, माझ्या खोलीपासून दहा पावलांवर तुमची खोली, आणि इतका फरक?"

"तुमच्या मागे झाड आहे ना, बाई," सर म्हणाले.

बाई सहज वर बघत होत्या. दारावरच्या झरोक्याला लाकडी पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांच्या मागे काहीतरी निळं दिसत होतं. एक कोपरा बाहेर आला होता. त्यावर समुद्र छापलेला होता.

"ते काय आहे?"

सर गोंधळले. खडू उचलला, खाली ठेवला. "धूळ येते हो. म्हणून जुना नकाशा लावलाय. जगाचा."

बाईंनी चार मुलं मागून घेतली. पण शाळा सुटल्यावर त्या एक स्टूल घेऊन व्हरांडाभर फिरल्या. भाषेच्या बाईंच्या झरोक्यात एक जुनी शाल कोंबलेली होती. विज्ञानाच्या वर्गात प्रदर्शनातला थर्माकोलचा ज्वालामुखी उलटा करून बसवला होता. मुख्याध्यापकांनी तर आपल्या खुर्चीची उशी लावली होती, आणि ती खुर्ची टोचते म्हणून वर्षभर तेच तक्रार करत होते. पट्ट्यांमुळे खालून कुणाला काही दिसत नव्हतं. बाई वरच्या मजल्यावर गेल्या. जिन्याजवळची खोली बुजवलेली. तिच्यापुढची बुजवलेली. अगदी पलीकडच्या टोकाच्या दोन खोल्या मात्र उघड्या होत्या, आणि गार होत्या.

धूळ काय जिना चढताना दमते? बाई तिथेच स्टुलावर बसल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं. जिथवर त्यांचा आवाज पोचत होता, तिथवर झरोके बंद होते.

सगळ्या शाळेला ठाऊक होतं, त्या सोडून. कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. बाईंचं वय, बाईंचा मान, बाईंना वाईट वाटेल. म्हणून सगळ्यांनी मूग गिळले आणि मिळेल ते भोकात कोंबलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर भिडेपायी अख्खी शाळा घामाघूम झाली होती, आणि खापर फुटलं होतं त्या पोरीच्या डोक्यावर.

घरी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. दार लावून सांगितलं, तरी त्याने उठून खिडकीही लावली.

"आता काय करणार आहेस?"

"काही नाही. मी कुठे काय केलंय? मी गाते. गाण्याचेच पैसे देतात मला."

"बरोबर."

"बैठकीत मला कुणी विचारणार नाही. विचारलं तर म्हणेन, मला गाण्यातलं कळतं, भिंतीतलं नाही."

"बरोबर."

"सारखं बरोबर बरोबर काय म्हणताय?"

"मग काय म्हणू?" नवरा म्हणाला. "हॉल व्हावा असं मलाही वाटतं. त्या पडद्याला मी शिवण घालावी असं फार वाटतं. पण तू दोन घास खाऊन पान सारलंस. एवढं बरोबर असतं तर तिसरा घास गेला असता."

बाई चिडल्या. नवऱ्याचं हे असं असायचं. वर्षभर बोलणार नाही आणि एकदा बोलला की नेमकं दुखतं तिथे. त्या भांडी आपटत राहिल्या. त्यांना तो लाल चेहऱ्यांचा वर्ग दिसत होता. पत्र्याच्या शेडमधली लहान मुलंही दिसत होती. शेड इतकी तापायची की कडक उन्हाळ्यात त्यांना मधल्या सुट्टीतच घरी पाठवत. आता त्यांच्या खोल्या जुन्या शाळेसारख्या होणार. पंखे खडखडणार, बाई ओरडणार, मुलं पेंगणार, आणि हे पुढची पन्नास वर्षं. कारण इमारत काही दर वर्षी बांधत नाहीत. हॉल की त्या खोल्या, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर देणं दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं. बाईंना त्या आर्किटेक्टचा राग आला, नवऱ्याचा आला, देवाने दिलेल्या आवाजाचाही आला.

बैठक अध्यक्षांनी मुद्दाम भर दुपारी, गणिताच्या सरांच्या वर्गात ठेवली होती. समितीची मोठी माणसं मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसली. पाच मिनिटांत सगळ्यांचे रुमाल बाहेर आले.

"बघा!" अध्यक्ष म्हणाले. "हीच ती श्वास घेणारी इमारत! मला तर माझाच श्वास सापडत नाही."

आर्किटेक्ट पुढे उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "असं व्हायला नको होतं," ती म्हणाली. "शाळा भरण्याआधी मी येऊन बघून गेले तेव्हा सगळं ठीक होतं. माझं कुठे चुकलं ते मला खरंच कळत नाही."

हे ती इतकं सरळ बोलली की बाईंना बसवेना. आपण हात दाखवून अवलक्षण करतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या उठल्या, आणि वयाला न शोभेल अशा झपाट्याने बाकावर चढल्या.

"बाई, काय करताय?" मुख्याध्यापक घाबरून म्हणाले.

बाईंनी पट्ट्यांत हात घातला आणि जगाचा नकाशा ओढला. तो वर्षभराच्या धुळीसकट अध्यक्षांच्या डोक्यावर पडला. काही क्षण अध्यक्ष सगळ्या खंडांखाली होते.

"झरोका बंद होता," बाई म्हणाल्या. "हा एकटाच नाही. माझ्या खोलीपासून जिन्यापर्यंत सगळे बंद आहेत. शाल, उशी, ज्वालामुखी, काय वाट्टेल ते कोंबलंय. हवा जाणार कुठून? इमारत नाही फसली. तिचं नाक दाबलंय."

"कुणी केलं हे?" अध्यक्ष नकाशातून बाहेर येत म्हणाले.

सगळे शिक्षक आपापल्या चपला बघू लागले. "धूळ यायची," गणिताचे सर पुटपुटले.

"धूळ नाही. मी यायचे," बाई म्हणाल्या. "माझं गाणं त्या झरोक्यातून यायचं."

यावर जो गलका झाला तो विचारू नका. छे छे बाई, भलतंच काय! तुमच्या गाण्याचा कसला त्रास! उलट प्रसन्न वाटतं हो! भाषेच्या बाईंनी तर डोळे मिटून मान डोलावून दाखवली.

"असं?" बाई म्हणाल्या. "मग सगळे झरोके मोकळे करा आणि इथेच बसा."

त्या आपल्या खोलीत गेल्या, पेटी ओढली, आणि तोंड उघडलं. राखून गायला त्या शिकल्याच नव्हत्या. आवाज खोलीतून निघाला, व्हरांड्यातून आला, झरोक्यातून उतरला आणि गणिताच्या वर्गात पाहुण्यासारखा मांडी ठोकून बसला. खिडकीची काच किणकिणली. अध्यक्ष आर्किटेक्टला काहीतरी विचारत होते, ते त्यांचं त्यांनाच ऐकू येईना.

बाई परत आल्या. "काय? कसं वाटलं?"

"छान आवाज आहे, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"छान आहे ते मला ठाऊक आहे. तो चालू असताना गणित शिकवता येतं का, ते विचारतेय. सर, तुम्ही सांगा. शपथ आहे तुम्हाला."

गणिताचे सर उभे राहिले. भिडस्त माणूस, कधी कुणाला दुखावलं नव्हतं. घसा खाकरला, आणि वर्षभराचं साचलेलं बांध फुटून बाहेर आलं. "नाही येत! अजिबात नाही येत! बाई, माझी मुलं अपूर्णांक तालात सोडवतात. उत्तर चुकलं तरी समेवर येतात आणि टाळ्या वाजवतात! मी फळ्यावर बेरीज लिहितो आणि मनात तुमचा दुसरा अंतरा चालू असतो. पोरं तुम्हाला भोंगा म्हणतात ते काही उगाच नाही!"

आपण काय बोललो ते सरांना उशिरा कळलं. ते खाली बसले.

आणि बाई हसल्या. इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या मजल्यावरच्या वर्गातली मुलंही हसू लागली. "अहो, हेच वर्षापूर्वी सांगितलं असतं तर!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "भोंगा! चांगलं आहे की."

हसणं ओसरलं तोवर वर्गातली गरम हवा हलायला लागली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण रुमाल हळूहळू खिशात गेले.

अध्यक्ष मात्र व्यापारी होते. "हे तर फारच सोपं झालं," ते म्हणाले. "हॉल बांधू. बाई तिकडे गातील, इथले झरोके उघडे राहतील. दोन्ही सुखी."

हे बाईंना सुचलंच नव्हतं. खरं बोलूनही हॉल मिळत होता. त्यांनी आर्किटेक्टकडे पाहिलं. हॉलवर रेघ पडल्यापासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"आणि लहान मुलांच्या खोल्या?" बाईंनी विचारलं. "त्या कशा होतील?"

"हॉल केला तर उरलेल्या पैशांत साध्याच," आर्किटेक्ट म्हणाली. "एकेरी भिंती, पंखे. या वर्गासारख्या बांधायच्या तर हॉल होत नाही. दोन्ही बसवायचा मी प्रयत्न केला. नाही बसत." मग म्हणाली, "आवाजाचं मी आधीच बघायला हवं होतं. ती चूक माझी. झरोक्यात वळणाचा लाकडी डबा बसवता येतो, आतून जाड कापड लावलेला. हवा वळून जाते, आवाज बराचसा कापडात मरतो. सगळा नाही, पण बराचसा."

"बाई, नीट विचार करा," अध्यक्ष आता खरंच आपुलकीने बोलत होते. "तुमची नोकरी किती राहिली? या वेळी राहिला तर तुम्ही असताना हॉल होत नाही."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हॉल राहू दे. पोरांच्या खोल्या अशाच बांधा." हे वाक्य मात्र भिंतीपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसतं.

अध्यक्षांनी लगेच होकार दिला नाही. झरोके उघडे ठेवून दोन आठवडे बघू म्हणाले. त्या दोन आठवड्यांत बाई गायल्या नाहीत. त्यांनी मुलांना टाळ्यांवर नुसते ताल शिकवले, तेही मांडीवर हलक्या हाताने. अध्यक्ष रोज दुपारी येऊन गणिताच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे. पहिल्या दिवशी ते हातपंखा घेऊन आले. चौथ्या दिवशी पंखा घरी विसरले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सरांना अपूर्णांकाचा एक प्रश्न विचारला, आणि उत्तर मागच्या बाकावरच्या त्याच मुलीने दिलं, जी पूर्वी उघड्या डोळ्यांनी झोपायची. अध्यक्षांनी जाता जाता भिंतीला हात लावून पाहिला. मग मुख्याध्यापकांना म्हणाले, "बांधा तशाच." मुख्याध्यापक सवयीने "बघू" म्हणाले.

डबे तयार झाले. आत लावायला जाड, दाट कापड हवं होतं. बाईंच्या नवऱ्याने विचारलंही नाही. त्याने तो लाल मखमलीचा तागा मेजावर घेतला, एकदा बायकोकडे बघितलं, आणि कात्री चालवली. बाई शेजारी उभ्या राहून तुकडे मोजून देत होत्या.

"वाईट वाटतंय का?" त्याने विचारलं.

"वाटतंय ना. खोटं कशाला बोलू? फार वाटतंय."

"मलाही," तो म्हणाला आणि पुढचा तुकडा कापला.

लहान मुलांच्या खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा बाईंच्या नोकरीचा शेवटचा उन्हाळा होता. पत्र्याच्या शेडमध्ये गाण्याचा तास होत नसे. त्यामुळे नव्या शाळेत आल्यापासून एवढ्या लहानांना बाईंनी शिकवलंच नव्हतं. त्या जरा धास्तावूनच पेटी घेऊन आत गेल्या. बाहेर अंगणाकडे बघवत नव्हतं असं ऊन. आत मुलं टकटकीत डोळ्यांनी बसली होती. एकाने विचारलं, "तुम्ही ओरडणार आहात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी एक सूर देणार. मी थांबेपर्यंत तुम्ही तो धरून ठेवायचा. बघू कोण आधी दमतं."

हा त्यांचा ठेवणीतला खेळ होता. जुन्या शाळेत मोठी मुलंही त्यात लगेच ढेपाळायची. त्या कोंदट हवेत दम टिकायचा कुणाचा? बाईंनी पट्टी दाबली आणि सूर लावला. मुलांनी तो उचलला, आधी वाकडातिकडा, मग हळूहळू एकच. एखाद्याचा श्वास संपला की तो घाईने दुसरा घेऊन परत आत शिरायचा. बाई वाट बघत होत्या. कुणीतरी खोकेल, कुणीतरी हसेल, तुटेल. तुटेना. त्यांच्याच छातीत कळ आली, डोळ्यांपुढे हलकंसं अंधारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाई मुलांच्या आधी थांबल्या.

सूर चालूच होता. बाई थांबल्यात हे मुलांच्या ध्यानात आलं होतं, आणि जिंकल्याच्या आनंदात त्यांनी तो आणखी ताणला. पंख्याची खडखड नव्हती, रस्ता नव्हता, त्या सुरावर दुसरा आवाज नव्हता. एवढ्या लहान गळ्यांतून इतका स्वच्छ सूर निघतो हे बाईंना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. कळणार कसं? त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. त्यावर नेहमी त्यांचाच आवाज असायचा.

"बाई हरल्या!" कुणीतरी ओरडलं.

"हरले," बाई म्हणाल्या. "परत एकदा."

त्यांनी पुन्हा पट्टी दाबली. या वेळी त्या गायल्या नाहीत. नुसत्या ऐकत बसल्या.